विषय: मेंदूला विद्युत-उत्तेजन देणाऱ्या हेडसेटची दिशाभूल करणारी जाहिरात, सदोष स्पंज आणि पैसे परत करण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते आणि मुलींना वजन उचलण्याचे प्रशिक्षण देते. आपल्या संकेतस्थळावरून मी मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देणारा हेडसेट मागवला. व्यायामाआधी 20 मिनिटे लावा, चार आठवड्यांत ताकद वाढलेली दिसेल, असे खोक्यावर छापले आहे. हेडसेट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, ही माझी पहिली मागणी.

आधी जखमेविषयी. माझ्याकडच्या एका मोठ्या मुलीने पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून, पिळून लावला होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, डोक्यावर पंखा चालू असताना स्पंजच्या कडा वीस मिनिटे ओल्या राहत नाहीत. हेडसेट काढला तेव्हा कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती आणि तिच्या केसांच्या कडेशी मसुराएवढा लाल डाग होता. दुसऱ्या दिवशी तिथे खपली धरली. ॲपवर मात्र शेवटपर्यंत 'संपर्क उत्तम' असा हिरवा दिवा होता. स्पंज वाळला की प्रवाह उरलेल्या ओल्या जागी एकवटतो आणि तिथली कातडी भाजू शकते, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. असे असताना 'त्वचा संवेदनशील असेल, आणखी महिनाभर वापरून पाहा' हे माझ्या तक्रारीला आपण दिलेले उत्तर मला संतापजनक वाटले.

आता ताकदीविषयी. आपल्या माहितीपत्रकात 2000 सालच्या नित्शे आणि पॉलुस यांच्या जर्मनीतील संशोधनाचा दाखला आहे. ते संशोधन मोलाचे आहे, पण त्यात हाताच्या स्नायूला हुकूम देणारा मेंदूचा भाग काही मिनिटे अधिक उत्तेजनक्षम झाला, एवढेच मोजले होते. कोणी वजनाचा बार उचलला नव्हता. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांना कोपराचे स्नायू अधिक वेळ तग धरताना दिसले. तग धरणे वेगळे आणि एका दमात जास्तीत जास्त वजन उचलणे वेगळे, हे आखाड्यातले पोरही सांगेल. पुढच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. खोक्यावर यातले काहीच नाही.

आणि 'चार आठवडे' ही मुदत मला सर्वांत जास्त खटकते. नव्याने वजन उचलू लागलेल्या कोणाचीही ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. स्नायू अजून फारसे जाड झालेले नसतात. मज्जासंस्था स्नायूंचे अधिक तंतू एकदम कामाला लावायला शिकते, म्हणून स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांना, वजनाची प्लेट वाढत जाते. हे हेडसेटशिवाय, निव्वळ नियमित सरावाने होते. मग श्रेय यंत्राला कशाच्या आधारावर देता? अशा प्रयोगांत एका गटाला खोटे उत्तेजन देतात. प्रवाह सुरुवातीला थोडा वेळ चालू ठेवून बंद करतात, म्हणजे टोचल्यासारखे सर्वांनाच जाणवते. आपल्या हेडसेटची अशी तुलना झाली असेल तर तिचा अहवाल पाठवा. झाली नसेल तर तो दावा काढून टाका. व्यायामशिक्षक प्रो. माणिकरावांच्या या गावात लोक व्यायामावर श्रद्धेने पैसा खर्च करतात. माझ्या मुलींचे पालक तर पगारातून बाजूला काढून देतात.

सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे पुस्तिकेत जे लिहिलेलेच नाही ते. फिट्स येणाऱ्यांना, कवटीत धातू असलेल्यांना किंवा पेसमेकर बसवलेल्यांना अशा प्रयोगांतून सहसा वगळले जाते. आपण '16 वर्षांवरील सर्वांसाठी' असे छापता. माझ्या वर्गात फिट्सचे औषध घेणारी मुलगी आहे. तिच्या डोक्याला मी हे लावू दिले नाही, पण ते आपल्या पुस्तिकेमुळे नव्हे.

रकमेसोबत मला दोन गोष्टी हव्यात: हेडसेट कोणी वापरू नये याची सूचना खोक्यातच गुजराती, मराठी आणि हिंदीत, आणि स्पंज वाळताच प्रवाह आपोआप थांबण्याची सोय.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तो करता येतो.

बिलाची प्रत, खपलीची व स्पंजची छायाचित्रे आणि आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. हेडसेट खोक्यासह तयार आहे, नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी.

आपली,
एक ग्राहक व व्यायाम प्रशिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा