बाटली भरलेलीच घरी येते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत नोकरदार महिलांच्या जीवनशैलीच्या आजारांवर लेख आला होता. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी, आणि शेवटी सल्ला : भरपूर पाणी प्या, नाश्ता चुकवू नका, रोज अर्धा तास चाला. लेखातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण तो वाचताना मला माझी पाण्याची बाटली आठवली, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टमधल्या एका खासगी कचेरीत एकवीस वर्षं हिशेबाचं काम करते. सकाळी लिटरची बाटली भरून पिशवीत टाकायची आणि संध्याकाळी ती जवळजवळ तशीच घरी आणून तुळशीला ओतायची, असं कित्येक वर्षं चाललं होतं. तहान लागत नव्हती असं नाही. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं कुठे? लोकलमध्ये सोय नसते. सीएसएमटीपर्यंत सव्वा तास, तोही बहुतेक वेळा उभ्याने. म्हणून निघायच्या आधी तासभर पाणी बंद. कचेरीत आमच्या मजल्यावर एकच स्वच्छतागृह, बायका-पुरुषांचं मिळून. कडी धड लागत नाही, म्हणून एकीने दाराशी उभं राहायचं आणि दुसरीने आत जायचं. तेही जेवणाच्या सुट्टीत, दिवसातून एकदा. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना सांगायला नको, आणि पुरुष वाचकांनी थोडा विचार करावा.

गेल्या मे महिन्यात मला उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली. धणे-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि लघवी लाल झाली. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. त्याच तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईच्या रक्तात ते निदान १२ तरी असावं लागतं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "जिना चढताना धाप लागत नव्हती का हो?" लागत होती. स्टेशनच्या पुलावर रोज लागायची. मला वाटायचं वय झालं. मी ४६ वर्षांची आहे.

त्यांनीच मला समजावून सांगितलं की बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. लघवी तासन् तास तुंबवून ठेवली आणि पाणीही कमी प्यायलं, की त्यांना वाढायला वेळच वेळ मिळतो. बरी होऊन कामावर गेले त्या दिवशी डब्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं. आम्ही बाराजणी रोज एकाच डब्यात असतो, कोणी मटार सोलतं, कोणी मेथी निवडतं. बारापैकी सातजणींना वर्षातून एकदा तरी हा त्रास होतोच. "अगं, होतंच ते," असं सगळ्या इतक्या सहज म्हणाल्या, की मला त्या आजारापेक्षा त्या सहजपणाची भीती वाटली.

रक्ताचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची ही कमतरता, म्हणजे पंडुरोग (अ‍ॅनिमिया), आढळला. आमच्यासारख्या पगारदार घरांत अन्न कमी नसतं. पण पाचला उठून तीन डबे भरायचे आणि स्वतः उभ्या उभ्या चहा-बिस्किटावर निघायचं. दुपारी डबा संपला की लगेच पुन्हा चहा. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे मला या वयात कळलं. आता चहा तासाभराने घेते, आणि भाजीवर लिंबू पिळते.

चालायला अर्धा तास काढा म्हणता, तो कुठून काढायचा? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणूनच 'जीवनशैली' हा शब्द मला खटकतो. शैली म्हणजे आपण आवडीने उचललेली गोष्ट. तहानलेलं राहणं आम्ही आवडीने उचललेलं नाही. घरातलं घरात बदलता येतं. माझ्या आजारपणानंतर रात्रीचा कुकर मुलगा लावतो आणि पोळ्या सोडून बाकीचं आमचे हे बघतात. कचेरीतली कडी मात्र तीनदा अर्ज केल्यावर बसली. वेगळ्या स्वच्छतागृहासाठी 'जागा नाही' हेच उत्तर आहे. वास्तविक राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ही सोय करणं मालकाची जबाबदारी आहे.

रस्त्यावरची आणि स्टेशनवरची गोष्ट निराळी नाही. मुंबईत 'राइट टू पी' ची, म्हणजे बायकांना सार्वजनिक ठिकाणी स्वच्छतागृह मिळण्याच्या हक्काची, चळवळ २०११ पासून चालू आहे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं बांधा असं बजावलं. बांधलेल्यांपैकी किती उघडी असतात ते संध्याकाळी सातनंतर जाऊन बघावं. मी रोज बघते. एकाला कुलूप असतं, दुसऱ्यात पाणी नसतं, तिसऱ्यात दिवा नसतो आणि बाहेर चारजण उभे असतात. मग बाई तशीच गाडीत चढते.

आपल्याला एक विनंती आहे. आरोग्याचे लेख जरूर छापा, पण त्यासोबत सीएसएमटी ते कल्याण प्रत्येक स्टेशनवरच्या महिला स्वच्छतागृहाची पाहणीही छापा. दार उघडं आहे का, कडी आहे का, पाणी आहे का, रात्री नऊला दिवा असतो का, एवढंच स्टेशनवार लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन बघा. आपल्या बातमीदार मुलींना आत जायला सोबत हवी असेल तर मी येईन. मला शनिवारी सुट्टी असते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
डोंबिवली (पूर्व)