मोबाइलवरचं कोडिंग खोटं नाही

संपादक महोदय,

मोबाइलवर कोडिंग शिकवणं म्हणजे मुलांचा टाइमपास, असा सूर असलेला लेख परवा तुमच्या शैक्षणिक पानावर वाचला आणि मला तो अजिबात पटला नाही. मी सिडकोत राहते, संध्याकाळी आसपासच्या सातवी-आठवीच्या पाच मुलांना पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, एकाच्याही घरी कॉम्प्युटर नाहीये पण आईचा नाहीतर बाबांचा अँड्रॉइड फोन आहे, त्यात पायड्रॉइड हे पायथॉन चालवणारं ॲप टाकलं की नंतर नेट नसलं तरी प्रोग्राम चालतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं म्हटलंय, मग शाळेत कॉम्प्युटर लॅब होईपर्यंत या मुलांनी थांबायचं का?

अडचण आहे ती फोनच्या कीबोर्डची, हे मान्य. एका मुलीने स्क्रीनवर मजकूर दाखवणारी प्रिंट ही आज्ञा लिहिली, कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं आणि नेमएरर, म्हणजे हे नाव ओळखीचं नाही अशी चूक आली, बिचारी दहा मिनिटं कंसच तपासत बसली. पण तीच आता एरर आला की आधी ओळीचा नंबर बघते, शेवटची ओळ वाचते आणि मला न विचारता दुरुस्त करते, कोड न लिहिता स्क्रीनवर नुसते तयार आज्ञांचे ठोकळे सरकवून हे आलं नसतं. शाळांनी फोनला सरसकट बंदी न घालता आठवड्यातून एक तास यासाठी द्यावा, आणि दोन मुलांमागे एक ओटीजीवर, म्हणजे फोनला यूएसबीने जोडून चालणारा साधा कीबोर्ड दिला तर अर्धी कटकट तिथेच संपेल.

— एक वाचक, सिडको, नाशिक