चौदा नंबरच्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ताई.

फिलाडेल्फियात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. नवरा दिवसभर ऑफिसात, मला नोकरीची परवानगी नाही. संध्याकाळी स्कूलकिल नदीच्या काठाने चालायचं आणि अंधार पडला की पलीकडे बोटहाउस रोच्या, म्हणजे नाव वल्हवणाऱ्या क्लबांच्या ओळीतल्या घरांवर दिव्यांच्या माळा लागलेल्या बघायच्या, एवढाच विरंगुळा. त्या घरांची दारं आपल्यासाठी उघडतील, हे कधी मनातही आलं नाही.

त्या दिवशी बाकावर बसून आईशी फोनवर बोलता बोलता रडू आलं. तुम्ही थांबलात. "मराठी का गं?" आणि मग, "शनिवारी पहाटे साडेपाचला ये. चौदा नंबर."

बुटांच्या नाड्या बांधताना तुम्ही घराची गोष्ट सांगितलीत. ते १८६० साली स्केटिंग क्लबसाठी बांधलेलं. शहराच्या पाण्यासाठी खाली बांध घातला, म्हणून इथलं पाणी संथ झालं आणि हिवाळ्यात गोठायचं. बर्फ फुटून कुणी बुडालं तर ओढून काढायला सभासद दोरी जवळ बाळगत. पुढे इथे बायकांचा क्लब आला, १९३८ साली काढलेला. बाकीच्या घरांत तेव्हा पुरुषच वल्हवायचे.

आठ जणींची ती साठ फुटी नाव खांद्यावर घेऊन पहिल्यांदा धक्क्यावर उतरले तेव्हा माझे पाय लटपटत होते. मागून तुमचा आवाज आला, "पाय नको बघूस, पुढचीची पाठ बघ." पाण्यात माझं वल्हं रुतलं, दांडा पोटात बसला, सगळी नाव थांबली. कुणी चकार शब्द बोललं नाही. परतल्यावर माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन एकेका फोडावर तुम्ही पट्टी लावलीत. माझ्या हाताला आईनंतर इतक्या हळुवारपणे कुणी हात लावला नव्हता.

वल्हवताना आपली पाठ पुढे असते. म्हणून नाव वरच्या अंगाला निघाली की ती सगळी घरं लहान होत होत समोर दिसत राहतात. त्यातलं एक आता माझं आहे. ताई, हे तुमच्यामुळे.

आईला व्हिडिओवर तळहाताचे घट्टे दाखवले. आधी घाबरली, मग तिने तुमच्यासाठी घरचं मेतकूट पाठवलं. शनिवारी घेऊन येते.

तुमची,
तीन नंबरच्या सीटवरची