नावे गावापर्यंत यावीत

महोदय,

व्हिएतनाम युद्धातील मृत अमेरिकी सैनिकांच्या वॉशिंग्टन येथील स्मारकभिंतीची अर्ध्या आकाराची प्रतिकृती १९८४ पासून तेथे गावोगावी नेली जाऊ लागली. ५८ हजारांहून अधिक नावांतून आपल्या माणसाचे नाव शोधून लोक त्यावर कागद धरतात आणि पेन्सिल घासून उमटलेले नाव घरी नेतात. अपशिंगे मिलिटरीसारखे, पहिल्या महायुद्धापासून घरोघरी सैनिक देणारे गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्या साताऱ्यात असे फिरते स्मारक का असू नये?

दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले, हे उत्तमच झाले. परंतु माझ्या आत्यांचे यजमान १९७१ च्या युद्धात कामी आले आणि गुडघ्यांमुळे आत्यांना आता दिल्ली गाठणे शक्य नाही. नातवाने मोबाइलवर काढून आणलेले, ग्रॅनाइटवरील त्या सोनेरी नावाचे छायाचित्र त्या बोटांनी मोठे करून पाहतात. अक्षरे फुटतात, तेव्हा पदराने काच पुसून पुन्हा पाहतात.

एसटीच्या एखाद्या जुन्या बसमध्ये मराठीत कोरलेल्या नावांचे तक्ते बसवून ती पाटण, खटाव, माण तालुक्यांतील गावांत दोन-दोन दिवस मुक्कामी ठेवता येईल. जखमी होऊन परतलेल्यांची आणि मागे राहून शेती व मुले सांभाळणाऱ्या वीरपत्नींची नावेही त्यात असावीत. (पुढाऱ्यांची छायाचित्रे मात्र बसच्या मागच्या काचेवरही नकोत.) तक्ते बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताला लागतील, इतके खाली लावावेत.

— एक वाचक, सातारा