माझं वाक्य मलाच पूर्ण करू देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मी आजही बोलताना अडखळतो. तरी हे आभाराचं पत्र आहे, कारण तुमच्यामुळे माझी लपवाछपवी सुटली.

'घाबरतोस म्हणून अडखळतोस' हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तोतरेपणाचं मूळ मेंदू बोलण्याच्या हालचाली कशा जुळवतो त्यात असतं, अनुवंशिकतेचाही वाटा असतो आणि भीती मागाहून येऊन चिकटते, हे तुम्ही समजावलंत. मोठ्या माणसांत 100 मागे साधारण 1 जण असा बोलतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. आपलंच काहीतरी चुकलं असं मानणाऱ्या माझ्या आईबाबांच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं!

शब्द अडला की मी दुसरा शोधायचो. स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो, तिथेच सगळं अडायचं. 'प'वर ओठ घट्ट मिटायचे, मान ताठ व्हायची, डोळे आपोआप बंद. तुम्ही त्या अडलेल्या क्षणातच थांबायला शिकवलंत: जोर लावायचा नाही, ओठ किंचित सैल करायचे, श्वास सुटू द्यायचा आणि त्यावर शब्द हळूच सोडायचा. आणि हे शिकवताना तुम्ही एकदाही माझा शब्द माझ्या तोंडून काढून घेतला नाहीत. घरचे, मित्र, सगळे प्रेमापोटीच वाक्य पुरं करायचे, पण मला ते फार लागायचं.

एक प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणून माझे हात गार पडले होते. तुम्ही स्पीकर लावून आधी स्वतः फोन केलात आणि मुद्दाम अडखळत विचारलंत, 'क-क-किती वाजता उघडता?' पलीकडच्याने सरळ वेळ सांगितली. बस्स, एवढंच! मग फोन मी हातात घेतला. माझ्यासाठी स्वतः तसं बोलून दाखवणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

काही दिवस बरे जातात, काही दिवस एकेक शब्द छळतो. ते तसंच चालणार, हे तुम्ही आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतंत. खोटी आशा न दाखवल्याबद्दलही आभार.

आता मुलाखत आहे. 'मी अडखळत बोलतो, थोडा वेळ द्या,' असं सुरुवातीलाच सांगणार आहे. हे वाक्य तुम्ही माझ्याकडून किती वेळा घोटून घेतलंत! निकाल काहीही लागो, पहिला फोन तुम्हालाच करेन.

तुमचा विद्यार्थी