तंबूचे कापड पारखायला शिकवणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

पाठीवर सारे सामान घेऊन डोंगरातून पायी फिरायचे आणि मुक्कामाला स्वतःचा तंबू लावायचा, असे धाकट्या बहिणीने आणि मी ठरवले, तेव्हा हलका तंबू निवडण्याच्या कामी आपला सल्ला घ्यावा असे आमच्या वडिलांनी सुचवले. आपली उभी हयात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणून घेण्यात गेली. तरीही उसना आणलेला तंबू आणि दुरुस्तीसाठी मिळणारे कापडाचे तुकडे आम्ही आपल्यासमोर ठेवले, तेव्हा आपण ज्या आस्थेने ते हाती घेतलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सोलापुरातल्या ज्या मुलामुलींना असा तंबू घ्यायचा आहे, त्यांनाही आपले सांगणे कळावे म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

माहितीपत्रकावरच्या ‘२० डी’ या आकड्यापासून आपण सुरुवात केलीत. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर, म्हणजे २० डेनिअरचा एवढा लांब धागा अवघा २० ग्रॅम भरतो, हे ऐकल्यावर तंबूचा हलकेपणा कुठून येतो आणि तो किती जपून वापरावा लागतो, हे आम्हाला एकदमच समजले. मग आपण पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचे भिंग, काढून रिपस्टॉप कापडाची वीण दाखवलीत. ठराविक अंतरावर उभ्या-आडव्या धाग्यांत जाड धागा घातल्यामुळे बारीक चौकडी तयार होते आणि काट्याने पडलेली फाट त्या चौकडीच्या कडेला अडते. ही चौकडी केवळ शोभेची नाही, हे त्या भिंगातून पाहिल्याशिवाय पटले नसते.

नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरक आपण ज्या बारकाईने समजावलात, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. नेहमीच्या हवेतही नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओल धरून ठेवते, पॉलिएस्टर मात्र जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच पावसात किंवा दवात भिजलेला नायलॉनचा तंबू सैल पडतो, रात्री उठून त्याचे दोर पुन्हा ताणावे लागतात आणि तसे न केल्यास बाहेरचे ओले कापड आतल्या जाळीला चिकटते. पॉलिएस्टर ताण धरून राहते आणि ऊनही अधिक काळ सोसते. मात्र त्याच वजनाचे नायलॉन अधिक बळकट असते आणि त्यावर सिलिकॉनचा लेप असेल तर ते सहजासहजी फाटत नाही, हेही आपण तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलेत. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाच्या शिवणींवर पाणी अडवणारी नेहमीची टेप चिकटत नाही, तिथे सीलंट, म्हणजे शिवणीची छिद्रे बुजवणारा चिकट द्रव, हातानेच लावावा लागतो, ही सूचनाही फार उपयोगी पडली.

तंबू ठेवण्याविषयीची आपली ताकीद सोलापूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी. पाणी अडवण्यासाठी कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा लेप ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की विघटित होऊ लागतो, चिकट होतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ओलसर तंबू गुंडाळून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकणे म्हणजे तो आपल्या हाताने संपवणे होय.

कापडाचे सारे सांगून झाल्यावर आपण विचारलेत, “पण तुम्ही झोपणार आहात ती जमीन कसली आहे?” या प्रश्नाने आमची निवड ठरली. चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा, किलोभरापेक्षाही कमी वजनाचा तंबू आमच्या मनात भरला होता. असा तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा राहतो आणि सह्याद्रीच्या बेसाल्टवर, जिथे माती बोटभरही नसते, तिथे खुंटी शिरत नाही. दोर दगडांना बांधता येतात हे खरे, पण अंधारात, वाऱ्यात साऱ्या तंबूचा आधार दगड शोधण्यावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून आम्ही ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर स्वतः उभा राहणारा, दोन थरांचा, पावणेदोन किलोंच्या आसपासचा तंबू घेतला. दांड्या आणि आतला भाग मी उचलते, बाहेरचे आच्छादन आणि खुंट्या बहीण उचलते. जाहिरातीतल्या किमान वजनात पुष्कळदा खुंट्या, दोर आणि पिशवी धरलेली नसते, हे आपल्याच आग्रहामुळे सूत तोलण्याच्या काट्यावर सारे ठेवून पाहिले तेव्हा कळले.

डिसेंबरात आम्ही कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात मुक्काम केला. पहाटे बाहेरच्या आच्छादनाची आतली बाजू आमच्याच श्वासाच्या वाफेने निथळत होती, पण जाळीच्या आत अंथरूण कोरडे होते. एका थराच्या तंबूत ते सारे पाणी अंगावर आले असते. १६४६ मीटरचे ते शिखर चढताना पाठीवरचे जास्तीचे वजन जाणवले, हे मान्य आहे, तरीही रात्रभर मिळालेल्या कोरड्या झोपेपुढे मला ते वजन रास्तच वाटते.

आपण एका चहापलीकडे काहीही स्वीकारले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात हिमाचलात जाण्याचा विचार आहे. त्याआधी शिवणींवरची टेप तपासून घेण्यासाठी तंबू घेऊन येऊ, तेव्हा गिर्यारोहणाची आवड असलेल्या आणखी दोघी-तिघींना सोबत आणण्याची परवानगी असावी, ही विनंती. आपण दिलेल्या वेळेबद्दल आणि ज्ञानाबद्दल आम्ही दोघी मनापासून आभारी आहोत.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
सोलापूर