नारळी पौर्णिमेचे गणित तिकडे चालत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टन बेटावरचा लेख वाचला. मुलांकडे ह्यूस्टनला जाणाऱ्या आईवडिलांनी सप्टेंबरात तिथे दोन दिवस राहावे, गर्दी नसते, हॉटेलेही स्वस्त मिळतात, असे लेखक सांगतात. स्वस्त का मिळतात, तेवढे लिहायचे राहिले.

मी श्रीवर्धनची. दर्याला नारळ दिला की तो निवतो, होड्या बाहेर पडतात, हे लहानपणापासून डोक्यात बसलेले. लेकीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तेच धरून चालले होते. आपल्याकडे वादळे येतात ती बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे. ‘निसर्ग’ आले ते ३ जून २०२० ला, आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या करून गेले. मेक्सिकोच्या आखाताचे पाणी मात्र उन्हाळाभर तापत राहते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांना ऐन भर येतो. ८ सप्टेंबर १९०० ला याच बेटावर किमान सहा हजार माणसे गेली. गावातली सर्वांत उंच जागा नऊ फुटांच्याही आत, आणि समुद्र चढला पंधरा फूट! पुढे सतरा फुटी भिंत बांधली, घरे जॅकवर उचलून खाली वाळूचा भराव घातला. तरीही १३ सप्टेंबर २००८ ला ‘आइक’ वादळाचे पाणी गावात शिरलेच. जुन्या बाजारात त्या पाण्याच्या उंचीच्या पाट्या लावल्यात. जावयाने मला एकीखाली उभे करून फोटो काढला.

जुलैत जावे म्हटले, तर रात्रीसुद्धा पारा २७ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. ऑगस्टात समुद्रात पाय घातला तर कोमट पेजेत घातल्यासारखे वाटले. पाणीही गढूळ, निळ्या समुद्राच्या आशेने जाऊ नये. २०२४ च्या जुलैत ‘बेरिल’ आले तेव्हा आम्ही ह्यूस्टनलाच होतो. तीन दिवस वीज नाही, फ्रीजमधले पुरण फेकून द्यावे लागले. ते अजून जिवाला लागले आहे.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर एप्रिल, या दिवसांत मात्र तिथली हवा खरोखर गोड असते. लेखात ‘बारमाही सुखद’ छापले आहे. त्याऐवजी १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो, एवढी एक ओळ पुढच्या रविवारी चौकटीत द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, श्रीवर्धन (रायगड)